'थर्टीन डेज' : आपबीती, जगबीती आणि लपविलेली तडजोड

प्रास्ताविक

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांच्या प्रश्नावरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते. या प्रसंगावर पुढे विपुल लेखन झाले. परंतु सर्वसामान्य वाचकाच्या मनात त्याचे जे चित्र आहे, ते घडविण्यात एका लहानशा पुस्तकाचा मोठा वाटा आहे. हे पुस्तक म्हणजे रॉबर्ट केनेडी यांचे 'थर्टीन डेज'. रॉबर्ट हे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे धाकटे बंधू, त्यांच्या मंत्रिमंडळातील अ‍ॅटर्नी जनरल आणि सर्वांत विश्वासू सल्लागार. त्यांनी १९६७ मध्ये आपल्या दैनंदिनींच्या आधारे हे लेखन केले. जून १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली आणि पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले.

उर्दू साहित्यविचारात आपबीती आणि जगबीती असा भेद केला जातो. आपबीतीत लेखक स्वतःवर गुजरलेले सांगतो, तर जगबीतीत जगावर गुजरलेले. 'थर्टीन डेज' ही मुळात आपबीती आहे. तिला जगबीतीचा मान मिळाला आणि वर्गातही ती तशीच शिकविली गेली. या गफलतीची किंमत काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पुस्तकाचे गुण

१४ ऑक्टोबरला यू-२ विमानाने क्यूबातील क्षेपणास्त्रतळांची छायाचित्रे घेतली. १६ तारखेला सकाळी ती राष्ट्राध्यक्षांना दाखविण्यात आली. तेथपासून २८ तारखेपर्यंतचे तेरा दिवस लेखकाने साध्या, संयत भाषेत उभे केले आहेत. हवाई हल्ला करावा की सागरी नाकेबंदी, यावरील वाद, राष्ट्राध्यक्षांच्या दडपणाविना मोकळी चर्चा व्हावी म्हणून त्यांच्या अनुपस्थितीत घेतलेल्या बैठका, २४ ऑक्टोबरला सोव्हिएत जहाजे नाकेबंदीच्या रेषेजवळ येत असतानाचा ताण ही वर्णने आजही वाचकाला खिळवून ठेवतात.

पहिले महायुद्ध गैरसमजांतून कसे पेटले, हे सांगणारे बार्बरा टकमन यांचे पुस्तक जॉन केनेडी यांनी नुकतेच वाचले होते. त्या वाचनाचा त्यांच्या निर्णयांवर झालेला परिणाम लेखक आवर्जून नोंदवितो. प्रतिपक्षाला कोंडीत पकडू नये, त्याची अब्रू राहील अशी वाट मोकळी ठेवावी, हा पुस्तकाचा बोध मोलाचा आहे, यात शंका नाही.

ध्वनिफिती काय सांगतात?

जॉन केनेडी यांनी त्या बैठकांचे गुप्तपणे ध्वनिमुद्रण केले होते. ही गोष्ट १९७३ मध्ये उघड झाली आणि १९९७ पर्यंत बहुतेक फिती अभ्यासकांना उपलब्ध झाल्या. केनेडी ग्रंथालयातील इतिहासकार शेल्डन स्टर्न यांनी त्या बारकाईने ऐकून २००३ मध्ये पहिले पुस्तक लिहिले. पुस्तक आणि फिती शेजारी ठेवल्या की तीन विसंगती ठळकपणे दिसतात.

पहिली विसंगती लेखकाच्या स्वतःच्या भूमिकेची. पुस्तकात रॉबर्ट आरंभापासून संयमाचे पुरस्कर्ते दिसतात. फितींवर मात्र पहिल्याच दिवशी ते आक्रमणासाठी एखादे निमित्त घडवून आणता येईल का, अशी विचारणा करताना ऐकू येतात. पुढे त्यांनी नाकेबंदीची बाजू घेतली, हेही खरे. पण माणूस बदलत गेला, हे सांगण्याऐवजी तो पहिल्यापासून तसाच होता, असे पुस्तक सांगते. आपबीतीचा हा जुनाच दोष आहे.

दुसरी विसंगती २७ ऑक्टोबरच्या चर्चेची. ख्रुश्चेव्ह यांच्या २६ तारखेच्या पत्रात क्यूबावर आक्रमण न करण्याची हमी मागितली होती. दुसऱ्या दिवशीच्या संदेशात तुर्कस्तानातील अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रे हटविण्याची अट जोडली गेली. दुसऱ्या पत्राकडे दुर्लक्ष करून पहिल्याला उत्तर द्यावे, ही कल्पना आपली, असे लेखक सुचवितो. फितींवरून दिसते, की ती अनेकांनी मांडली होती आणि राष्ट्राध्यक्षांचा तिच्यावर फारसा विश्वास नव्हता. जवळजवळ सर्व सल्लागार विरोधात असताना ते एकटेच पुनःपुन्हा बजावत होते, की ही देवाणघेवाण जगाला वाजवी वाटेल आणि ती नाकारून युद्ध करणे समर्थनीय ठरणार नाही.

तिसरी विसंगती सर्वांत गंभीर आहे. त्याच रात्री रॉबर्ट सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटले. पुस्तकातील वर्णनानुसार त्यांनी देवाणघेवाण शक्य नाही असे सांगितले, मात्र पेचप्रसंग संपल्यावर ज्युपिटर क्षेपणास्त्रे लवकरच हटविली जातील, असेही सूचित केले. प्रत्यक्षात तो स्पष्ट सौदा होता. अट एकच, तो गुप्त राहावा. ख्रुश्चेव्ह यांनी तो पत्रात शब्दबद्ध केला, तेव्हा रॉबर्ट यांनी ते पत्र डोब्रिनिन यांना परत केले. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातील पंधराही ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढून घेण्यात आली.

जानेवारी १९८९ मध्ये मॉस्को येथील परिषदेत पुस्तकाचे संपादक थिओडोर सोरेन्सन यांनी कबुली दिली, की रॉबर्ट यांच्या दैनंदिनीत हा सौदा स्पष्ट होता आणि तो आपणच संपादनात गाळला. त्यांचे म्हणणे असे, की अमेरिकेतही तो मोजक्या व्यक्तींखेरीज कोणालाही ठाऊक नव्हता. तेव्हा हा दोष एकट्या लेखकाचा नव्हे. परंतु वाचकाच्या हाती आली ती गाळीव आवृत्तीच.

मौनाची किंमत

गुप्ततेचे समर्थन करता येईल. मित्रराष्ट्रांत अविश्वास पसरला असता, काँग्रेसच्या निवडणुका दहा दिवसांवर होत्या आणि उघड सौदा कदाचित फिसकटलाही असता. त्या रात्रीपुरते मौन क्षम्य मानावे लागेल. मात्र ते मौन पुढे दंतकथेत रूपांतरित झाले, तेथे समीक्षेला बोलावे लागते.

अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी अशाच देवाणघेवाणीचा विचार आरंभी मांडला होता. डिसेंबर १९६२ मध्ये एका लोकप्रिय साप्ताहिकातील लेखाने त्यांच्यावर म्युनिकसारख्या शरणागतीचा ठपका ठेवला. त्या लेखाच्या दोन लेखकांपैकी एक राष्ट्राध्यक्षांचा जुना मित्र होता. ज्या उपायाने जग वाचले, तो सुचविणारा माणूस भेकड ठरला. उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनाही सौदा सांगितला गेला नाही आणि पुढच्याच वर्षी तेच राष्ट्राध्यक्ष झाले. मॅकजॉर्ज बंडी यांनी १९८८ मध्ये मान्य केले, की या गुप्ततेमुळे सहकारी, देशबांधव, उत्तराधिकारी आणि मित्रराष्ट्रे यांची समजूत झाली, की केवळ ठाम राहणे पुरेसे होते. दुसऱ्या बाजूला ख्रुश्चेव्ह यांना आपल्या पदरी काय पडले, ते सांगता आले नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये ते पदच्युत झाले, तेव्हा क्यूबाचे साहस त्यांच्यावरील आरोपांत होते.

पुस्तकाला जे ठाऊकच नव्हते, तेही विचारात घ्यावे लागते. २७ ऑक्टोबरला क्यूबावर पाडले गेलेले यू-२ विमान मॉस्कोच्या आज्ञेने पाडले गेले नव्हते. तो स्थानिक सेनाधिकाऱ्यांचा निर्णय होता. अमेरिकी युद्धनौका ज्या बी-५९ पाणबुडीवर सरावाचे स्फोटगोळे टाकीत होत्या, तिच्यात अणुपाणतीर होता. क्यूबात कमी पल्ल्याची अण्वस्त्रेही होती, हे तत्कालीन संरक्षणमंत्री मॅकनामारा यांना १९९२ मध्ये हवानाच्या परिषदेत कळले. नेतृत्वाच्या शहाणपणाइतकाच योगायोगाचाही या सुटकेत वाटा होता. पुस्तकातील सुव्यवस्थित निर्णयप्रक्रियेत या योगायोगाला जागा नाही.

समारोप

मग 'थर्टीन डेज' अभ्यासक्रमातून वगळावे काय? तसे मुळीच नाही. ते उत्तम आपबीती म्हणून शिकवावे आणि त्याच्याशेजारी फितींचे लिप्यंतर ठेवावे. एकच प्रसंग स्मृतीत कसा घडतो आणि दस्तऐवजात कसा उरतो, हे विद्यार्थ्याला शिकविणारे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

भारतीय वाचकाचे लक्ष त्या दिवसांत २० ऑक्टोबरला सुरू झालेल्या चिनी आक्रमणाकडे होते. क्यूबा त्याच्यासाठी दूरची बातमी होती. मे १९९८ मधील भारत आणि पाकिस्तानच्या अणुचाचण्यांनंतर ती दूरची राहिलेली नाही. ठामपणाने शत्रू नमतो, ही दंतकथा आपल्या उपखंडातही सहज रुजू शकते. तडजोडीला पराभव मानणाऱ्या समाजात नेत्याला शहाणपणसुद्धा चोरून करावे लागते, हा क्यूबाचा खरा धडा आहे.

पुस्तक अपूर्ण राहिले. अणुसंहाराची छाया साऱ्या मानवजातीवर आणण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही सरकारला आहे काय, या प्रश्नाचा ऊहापोह लेखकाला शेवटी करावयाचा होता, अशी नोंद सोरेन्सन यांनी केली आहे. ते प्रकरण लिहिले गेले नाही. तेरा दिवसांची हकीकत शिकवून झाल्यावर वर्गात चर्चेला घ्यावयाचा प्रश्न तोच आहे.