शाईची फीत आणि भयानक रस

मराठी समीक्षेत रसचर्चा पुष्कळ झाली. परंतु त्या चर्चेत भयानक रसाच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा आवडीने वाचल्या गेल्या, तरी त्यांच्यासंबंधी ‘रंजन’ हा शब्द उच्चारला की आपले काम संपले, असे समीक्षकास बहुधा वाटत आले. भीती निर्माण करणे सोपे आहे, असा समज या उपेक्षेच्या मुळाशी असावा. ती निर्माण करणे सोपे असेलही. ती टिकविणे सोपे नाही. भीती टिकते कशाने, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी जेथे शोधणार आहे ते ठिकाण काही वाचकांस अनपेक्षित वाटेल. ते ठिकाण म्हणजे भयप्रधान व्हिडिओ गेममधील ‘जतन’ करण्याची, मुलांच्या भाषेत ‘सेव्ह’ करण्याची, मोजकी सोय.

ज्यांना या खेळांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. असा खेळ अनेक तासांचा असतो. खेळाडूने मध्येच खेळ थांबविला किंवा त्याच्या पात्रास मृत्यू आला, तर पुन्हा आरंभ कोठून करावयाचा हे त्याने शेवटची नोंद कोठे केली यावर ठरते. आज बहुतेक खेळांत ही नोंद यंत्र आपणहून, खेळाडूच्या नकळत करीत असते. परंतु जपानच्या कॅपकॉम या कंपनीने १९९६ साली काढलेल्या आणि शिंजी मिकामी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या खेळात तसे नव्हते. रानातील एका ओसाड वाड्यात खेळाडू अडकतो. त्या वाड्यात काही मोजक्या खोल्या सुरक्षित आहेत. तेथे शत्रू येत नाहीत आणि संगीतही शांत होते. अशा खोलीत एक टंकलेखन यंत्र ठेवलेले असते. त्यावर आपली नोंद करावयाची, परंतु प्रत्येक नोंदीस शाईची एक फीत खर्ची पडते. फिती वाड्यात कोठे कोठे सापडतात, आणि त्या मोजक्याच असतात. शिवाय फीत जवळ बाळगावयाची तर पिशवीतील एक जागा अडते. खेळातील दोन नायकांपैकी जिल हिच्यापाशी अशा आठ जागा आहेत, ख्रिस याच्यापाशी सहाच. त्यांतच बंदूक, गोळ्या, औषधी वनस्पती आणि किल्ल्या बसवावयाच्या. बहुतेक सुरक्षित खोल्यांत वस्तू ठेवण्यासाठी पेटी असते, ही तेवढी सवलत.

टंकलेखनाची फीत ज्यांनी हाताळली आहे अशा माझ्या पिढीस या योजनेतील औचित्य चटकन जाणवेल. फीत झिजत जाते, अक्षरे फिकी होत जातात, आणि म्हणून कागदावर काय उतरवावयाचे हे आधी मनाशी ठरवावे लागते. माझी पहिली भाषांतरे मी अशाच यंत्रावर केली. पुढे संगणकावर लिहू लागल्यावर मसुदे वाढले. निर्णय मात्र पुढे ढकलण्याची सवय लागली. वाड्यातील यंत्र खेळाडूस नेमका हाच निर्णय करावयास लावते. आतापर्यंत जे घडले ते लिहून ठेवण्याइतके मोलाचे आहे काय? पुढच्या दालनात काय आहे हे ठाऊक नसताना फीत आताच खर्च करावी, की आणखी दोन दारे उघडून पाहावीत? कादंबरीच्या वाचकास मागील प्रकरण गमावण्याचे भय कधी नसते. येथे भूतकाळ टिकवावयाचा तर त्याची किंमत मोजावी लागते, आणि किंमत मोजण्याची वेळ खेळाडूनेच ठरवावयाची असते.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. अभिनवगुप्ताने साधारणीकरणाची प्रक्रिया उलगडताना शाकुंतलातील भ्यालेल्या हरिणाचा दाखला घेतला आहे, हे सर्वश्रुत आहे. ते हरिण पाहताना ‘मी भ्यालो’, ‘तो भ्याला’ असे काही प्रेक्षकाच्या मनात उरत नाही. देशकालाच्या आणि स्व-पर भावाच्या मर्यादा गळून पडतात आणि निर्विघ्न प्रतीतीस आलेले भय हाच भयानक रस होतो. त्याने सांगितलेल्या सात रसविघ्नांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. स्वतःच्या सुखदुःखात गुंतलेला माणूस रसास्वाद घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय. आता फितीच्या खेळात काय होते? हरिण मीच आहे. आणि माझे जे हरपण्याचा संभव आहे तो माझ्या आयुष्यातील खराखुरा तास आहे. ही तर लौकिक हानीची लौकिक चिंता झाली. मग या भीतीस रस म्हणावयाचे कसे?

हा आक्षेप मला बराच काळ निरुत्तर करीत होता, आणि त्याची अर्धी बाजू खरी असल्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. बेंगळुरूस माझ्या घरी सुट्टीला आलेल्या भाच्याने मला हा वाडा दाखविला. “मावशी, एवढ्यात फीत घालवू नकोस,” असे त्याने बजावले होते. मी ती राखून ठेवली आणि सुमारे दीड तासाच्या प्रवासानंतर एका अरुंद वाटेत प्राण गमावले. पहिल्या खेपेस त्या वाटेवरून जाताना माझे हात खरोखर गार पडले होते. दुसऱ्या खेपेस तीच वाट चालताना कोणत्या वळणावर कोण उभा आहे हे मला ठाऊक होते. मी पावले मोजत होते. तिसऱ्या खेपेस केवळ कंटाळा उरला. भयाचे भांडवल अज्ञात असते. शिक्षा म्हणून तोच प्रवास पुन्हा करावयास लावला की अज्ञाताचे ज्ञात होते आणि भय मावळून त्याच्या जागी श्रम येतात.

यातून एक विरोध स्पष्ट होतो. फीत दुर्मिळ असल्याखेरीज भय उत्पन्न होत नाही. परंतु त्या दुर्मिळतेची शिक्षा प्रत्यक्ष भोगावी लागली की भय नाहीसे होते. म्हणजे हानीचा संभव सतत जवळ असावा, पण हानी क्वचितच घडावी, अशा बेताने जेथे फितींची वाटणी केलेली असते तेथेच ही योजना कलात्मक ठरते. अभिनवगुप्ताच्या आक्षेपाचे उत्तरही येथेच सापडते असे मला वाटते. स्वतःचा तास गमावण्याची लौकिक चिंता हे या कलेचे द्रव्य आहे, जसा पाषाण हे शिल्पाचे द्रव्य आहे. पाषाणाचा जडपणा शिल्पात नाहीसा होत नाही, तो आकारास येतो. हानी प्रत्यक्ष घडली की चिंता लौकिकच राहते आणि ते विघ्न ठरते; हानी टळत राहिली, तर ती चिंता माझ्या तासापुरती न राहता त्या वाड्यातील प्रत्येक पावलास व्यापून टाकते. सुरक्षित खोलीचे दार उघडून ते शांत संगीत कानी पडते तेव्हा मला जो निश्वास सुटतो तो माझ्या एकटीचा वाटत नाही. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी सांगितलेली संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे लावावयाची, तर भय आणि विश्रांती यांचा विरोध व त्यांचा समतोल येथे एका फितीने साधला आहे.

पुढील काळात या योजनेचे काय झाले ते पाहणे उद्बोधक आहे. याच मालिकेतील २००५ सालच्या चौथ्या खेळात यंत्र राहिले, फीत मात्र गेली. त्या खेळाची गती धावपळीची आहे, आणि फीत काढून टाकल्याने त्याचे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. परंतु वाड्यातील संकोच त्यात नाही. २०१४ सालच्या ‘एलियन: आयसोलेशन’ या खेळात वेगळी युक्ती आहे. तेथे नोंदी किती कराव्यात यावर बंधन नाही. पण भिंतीवरील यंत्रात पत्ता सरकविल्यावर तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत उभे राहावे लागते, आणि त्या काही क्षणांत तो प्राणी मागून येऊन घात करू शकतो. १९९६ मध्ये नोंदीची संख्या मोजलेली होती. येथे नोंदीचा क्षणच असुरक्षित केला आहे. माझ्या मते ही युक्ती अधिक तीव्र असली तरी तिच्यात विश्रांतीची बाजू दुबळी आहे. २०१९ साली दुसऱ्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ची नवी आवृत्ती निघाली, तीत फिती केवळ सर्वांत कठीण पातळीवर ठेवल्या आहेत; सोप्या पातळ्यांवर नोंदी हव्या तितक्या करता येतात. ही तडजोड व्यवहाराला धरून आहे. परंतु कलाकृतीचा गाभा ऐच्छिक करून ठेवावा काय, हा प्रश्न तिने अनुत्तरित ठेवला आहे.

एका दोषाचा उल्लेख करावयास हवा. मर्यादा असली की माणूस कृपण होतो. पुढे लागेल म्हणून राखलेल्या फिती शेवटपर्यंत तशाच राहतात, आणि खेळ संपल्यावर पेटीत त्या सापडतात. माझ्या पेटीत चार निघाल्या. अनाठायी सोसलेल्या भयाचा तो हिशेब होता. वरील २०१९ च्या आवृत्तीत तर कठीण पातळीवर सर्वोच्च श्रेणी हवी असल्यास तीनपेक्षा अधिक नोंदी करावयाच्या नाहीत, असा दंडक आहे. कृपणतेस असे बक्षीस लावले की खेळाडूचे लक्ष वाड्यावरून उडून गणितावर खिळते, आणि निजसुखाचे विघ्न पुढल्या दाराने बाहेर घालविले ते मागल्या दाराने परत येते.

मी ज्या शहरात राहते तेथे १९९७ साली स्थापन झालेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्ह या संस्थेपासून व्हिडिओ गेमच्या निर्मितीचे काम चालत आले आहे. २०१९ मध्ये ती संस्था रॉकस्टार या कंपनीने विकत घेतली. परदेशी खेळांतील भिंती, दिवे आणि दारे रंगविणारे अनेक तरुण हात येथले आहेत. भरताने भयानकाच्या विभावांत शून्य गृह आणि अरण्य यांची गणना फार पूर्वी करून ठेवली आहे. त्या शून्य गृहात आज किती फिती ठेवाव्यात आणि कोणत्या दालनात, हा प्रश्न आपल्याकडील निर्मात्यांपुढे उद्या येईल. त्या वेळी त्यांस आपली समीक्षा काही सांगू शकेल की ‘रंजन’ म्हणून मान फिरवील, यावर भयानक रसाविषयीचे आपले शास्त्र जिवंत आहे किंवा नाही, हे ठरणार आहे.