अंगण आणि कांच

अलीकडे सुखवस्तु गृहस्थाला घर बांधावयाचें झालें, म्हणजे शिल्पज्ञ त्याच्यापुढें एक ठराविक चित्र ठेवतो. पांढऱ्या भिंती, मोजकें सामान, दिवाणखान्याची एक बाजू जमिनीपासून छतापर्यंत कांचेची, आणि कांचेपलीकडे हिरवळ. आंत आणि बाहेर यांतील भेद येथें नाहींसा झाला, असें सांगण्यांत येतें. मोठ्या शहरांतील या हौसेचें अनुकरण तालुक्याच्या गांवीं होणारच. तेव्हां तिची परीक्षा जामखेडच्याच उन्हांत घेऊन पाहणें बरें.

या शैलीचा नमुना म्हणून ज्या घराकडे नेहमीं बोट दाखवितात, तें अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत आहे. मीस व्हान डेर रोह या जर्मन शिल्पज्ञानें डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या बाईंसाठीं १९५१ सालीं तें पुरें केलें. चारी बाजूंस कांच आणि भोंवतीं झाडी. त्याच्या प्रमाणबद्धतेविषयीं दुमत नाहीं. परंतु उन्हाळ्यांत तें तापे व डांसांचा उपद्रव होई, अशी राहणारीची तक्रार होती. खर्चावरून उभयतांचें भांडण कोर्टांत गेलें तें निराळेंच. कांच डोळ्यांना बाहेर नेते, देहाला नेत नाहीं. चौकटींतून दिसणारें झाड आणि ज्याच्या सावलींत बसून शेंगा निवडतां येतात तें झाड, यांत फार अंतर आहे.

आतां बालाघाटच्या डोंगरांलगतचा हा आमचा अवर्षणाचा मुलूख पाहावा. येथील जुन्या घरांच्या भिंती जाड. वर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचें माळवद. उजेड येण्यास व धूर जाण्यास माळवदांत सवणें. मोठ्या वाड्याला ढेळज, पुढें चौक व चौकाभोंवतीं सोपा. रस्ता, ओटा, ढेळज, सोपा, माजघर अशा क्रमानें माणूस आंत येतो आणि प्रत्येक टप्प्यावर उन्हाचा ताप थोडा उतरतो. उन्हाळ्याची दुपार सोप्यांत जावयाची आणि रात्र माळवदावर. कुरडया आणि पापड त्याच माळवदावर वाळावयाचे. हें घर बाहेर उघडतें तें कामासाठीं, झोंपेसाठीं आणि गप्पांसाठीं. ऊन सरकलें कीं माणूस जागा बदलतो. कांचेच्या घरांत माणूस जागचा हलत नाहीं. त्याच्यासाठीं हवा बदलण्याचें काम यंत्राला करावें लागतें.

म्हणून जुन्या वाड्याची पूजा बांधावी, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. आकाशाला मोकळा असलेला चौक सर्व माणसांना मोकळा नव्हता. कोणीं ओट्याखालींच उभें राहावें व कोणीं सोप्यावर यावें, हें जात ठरवीत असे. आणि घरांतील सर्वांत अंधारा, धुरकट कोपरा बायकांच्या वाट्याला येई. वाड्याचे गोडवे गाणारे हें सोयीनें विसरतात. याच जामखेडांत १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं आरोग्याचें काम सुरू केलें, आणि पुढें निरनिराळ्या जातींच्या खेडूत स्त्रिया तेथें एकत्र बसून शिकल्या. उंबरठा खरोखर मोकळा होतो तो असा. नव्या घरानें स्वयंपाकघर उजेडांत आणलें, हा त्याचा मोठा गुण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. कांचेच्या भिंतीहून त्याची किंमत अधिक आहे.

राहिला साधेपणाचा दावा. गांधीजी १९३६ सालीं वर्ध्याजवळच्या शेगांवीं, म्हणजे पुढल्या सेवाग्रामांत, राहावयास गेले. तेथील त्यांच्या कुटीला माती, बांबू, लांकूड आणि कौलें एवढेंच साहित्य लागलें. तेथें वस्तु थोड्या आहेत, कारण गरजा थोड्या होत्या. आजच्या मोजक्या सामानाच्या घरांत वस्तु दिसत नाहींत, कारण त्या कपाटांत कोंबलेल्या असतात. आणि ती प्रचंड कांच रोज पुसावयास बहुधा दुसरेंच कोणी येतें. त्या टापटिपीला साधेपणा म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होय.

याच्या उलट चार्ल्स कोरिया यांनीं १९८०च्या दशकांत नव्या मुंबईंतील बेलापूर येथें योजिलेली वसाहत विचारांत घेण्याजोगी आहे. लहानशा चौकाभोंवतीं सात सात घरें, आणि शेजाऱ्याशीं सामाईक भिंत नसल्यामुळें प्रत्येकाला आपलें घर वाढविण्याची मुभा. पुढें रहिवाशांनीं कांहीं घरें वाढविलीं, कांहीं पाडून नवीं बांधलीं. मूळ आराखड्याची शोभा त्यानें उणावली, असें रसिक म्हणतील. परंतु घराचा मालक शेवटीं त्यांत राहणारा आहे, हें ज्या शिल्पज्ञानें आधींच गृहीत धरलें, त्याचा आराखडा फसला असें कसें म्हणावें?

जामखेडांत घर बांधणाऱ्यानें शिल्पज्ञाला चित्र मागण्यापूर्वीं कांहीं साधे प्रश्न विचारावे. चैत्राच्या दुपारीं यंत्रावांचून बसतां येईल अशी जागा कोठें आहे? पापड कोठें वाळतील? आणि दारीं आलेल्या माणसाला त्याची जात न विचारतां कोठें बसवावयाचें? यांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर भिंत मातीची असो वा कांचेची, आमची तक्रार नाहीं.