अन्नपूर्णेच्या नावाखाली

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संपलेल्या हैदराबादच्या लढ्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनाविषयी आमची एक तक्रार आहे. स्त्रियांच्या वाट्यास त्यात बहुधा शेवटचा परिच्छेद येतो, व तेथे त्यांस 'अन्नपूर्णा' म्हणून वंदन करून लेखक मोकळा होतो.

आज हिंगोली जिल्ह्यात असलेले सेनगावच घ्या. तेव्हा हा मुलूख निजामी राज्याच्या काठावर होता; शेजारचे रिसोड वऱ्हाडात, म्हणजे हिंदी संघराज्यात. अशा सरहद्दीलगत उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. छावणी म्हटली की बंदुका आठवतात. परंतु रात्री-अपरात्री येणाऱ्या माणसास भाकरी लागते, लपावयास घर लागते, निरोप नेणारे विश्वासू पाऊल लागते. सरहद्दीवरील खेड्यांतून हा भार बायकांनी उचलला. दगडाबाई शेळके यांचे नाव राहिले हे योग्यच. परंतु ते राहिले शस्त्र हाती घेतल्यामुळे. कणगीतली ज्वारी काढून दळणारी मात्र निनावी राहिली.

या कामास संस्था नव्हती, सबब दप्तरही नाही, असे उत्तर मिळते. इंग्लंडात लेडी रीडिंग यांनी १९३८ साली स्त्रियांची स्वयंसेवा संघटना उभारली, हे खरे. तथापि तिच्यातील एक स्वयंसेविका, बॅरो गावची गृहिणी नेला लास्ट, आज वाचकांस ठाऊक आहे ती संघटनेच्या दप्तरामुळे नव्हे. सामान्य जनांकडून रोजनिशा मागविणाऱ्या 'मास ऑब्झर्व्हेशन' या संस्थेसाठी तिने १९३९ पासून लिहिले, व ते १९८१ साली पुस्तकरूपाने आले. सैन्यातील मुलाची काळजी, पतीशी उडणारे खटके, बाहेरच्या कामाने आलेला नवा धीर, सारे त्यात आहे. कोणी तरी विचारले, म्हणून तिने सांगितले.

आमच्याकडे वंदन झाले, विचारणा झाली नाही. अन्नपूर्णेचे भांडे कधी रिते होत नाही. शेतकऱ्याच्या घरातील कणगी रिती होते. गौरवाच्या या एका शब्दाखाली त्या स्त्रीचे श्रम, तिचे भय आणि तिचा निर्णय ही तिन्ही झाकली जातात.

त्या काळच्या दहा-बारा वर्षांच्या मुली आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांस त्यागाविषयी विचारू नये. त्या रात्री किती माणसे जेवली, धान्य कोठून आले, दाराशी कोण उभे होते, एवढेच विचारावे. आणि लवकर विचारावे.