‘फुटलूज लेबर’ भेस्तानमधून वाचताना

सुरतेच्या मराठी माणसाचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपली मंडळी १६६४ आणि १६७० च्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांकडे जातात आणि तिथून थेट आजच्या निवडणुकांवर उडी मारतात. मधली पानं कोरी. भेस्तान, पांडेसरा, लिंबायतचा खानदेशी माणूस मात्र मजुरीसाठी ताप्ती लाईनने आला. ही कोरी पानं भरायची तर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांचं ‘फुटलूज लेबर’ (१९९६) वाचायलाच हवं. पण एक हरकत नोंदवून.

ब्रेमन १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत फिरले. त्यांचा मुद्दा असा, की भूमिहीन माणूस गावातून सुटतो, पण काम देणारी जागा त्याला रुजू देत नाही. बारडोलीच्या कारखान्यासाठी खानदेशातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांवर त्यांनी १९७० च्या दशकातच लिहिलं होतं. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हातातलं हत्यार हीच माणसाची ओळख! कष्ट माणसाचं नाव कसं पुसतात, हे यातून लख्ख दिसतं.

आता हरकत. ब्रेमन यांच्याकडे जात, गाव, नातं येतं ते मुख्यतः कामाचं दार म्हणून, म्हणजे कोण कोणाच्या ओळखीने लागला एवढ्यापुरतं. त्याच ओळखीच्या आधाराने माणूस एखाद्या जागेला आपली कशी म्हणू लागतो, हे मागे पडतं. गावी परतणं म्हणजे न रुजणं, हे गणित भेस्तानला पूर्ण बसत नाही. शेजारच्या उधन्याहून, १९०० च्या सुमारास सुरू झालेली ताप्ती लाईन नंदुरबार, अमळनेरकडे जाते. वाटेतलं नवापूर स्टेशन तर अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. गाव काही तासांवर असलं की लग्नकार्य आणि शेताचा वाटा तिकडे, खोली आणि मुलांची शाळा इकडे, असं जमतं. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत. ज्या वस्तीची पोरं शाळेत बसतात, तिला तात्पुरती कसं म्हणायचं?

भाषेचंही तसंच. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणात खानदेशी बोली भिल्ल भाषांच्या खंडात छापली गेली. पण अहिराणी बोलणारा सुरतेत आला की सरळ ‘मराठी’ ठरतो. म्हणजे ही ओळख त्याने नुसती गावाहून आणली नाही, काही अंशी ती त्याला इथेच मिळाली.

तरी ब्रेमन यांचा इशारा विसरून चालणार नाही. १९९४ च्या प्लेगमध्ये लाखो लोक सुरत सोडून गेले. २०२० च्या टाळेबंदीत गावी जाऊ द्या म्हणून कामगार रस्त्यावर आले. गावाकडे तुकडाभर जमीन असेल त्याला दोन घरं असतात. कोयत्यावर जगणाऱ्याला बहुधा एकही नसतं. दोघांना सरसकट ‘सुरतेचे खानदेशी’ म्हणून आपण मोकळे होतो, तिथेच आपला इतिहास कच्चा राहतो. जुनी भाडेपावती, शाळेचा दाखला, रेल्वेचा पास असे कागद घराघरांतून गोळा केले, तर कोण रुजला आणि कोणाला रुजू दिलं नाही, हे निदान वेगवेगळं मांडता येईल.