अंगणातली मरिया

ख्रिस्ती कला म्हटली की आपल्या घरातील आल्तार डोळ्यांसमोर उभे राहते. निळे वस्त्र ल्यालेली, गौरवर्णी मरियामाता. तिच्यापुढे गुडघे टेकूनच आपण प्रार्थना शिकलो. त्यामुळे सेमिनरीत असताना अँजेलो दा फोन्सेका यांची साडी नेसलेली, सावळी मरिया प्रथम पाहिली, तेव्हा ती आम्हांस परकी वाटली. आपल्याच आईबहिणींचे रूप आपल्याला परके का वाटावे, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही.

फोन्सेकांचा जन्म १९०२ साली गोव्यात झाला. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले आणि बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांच्या भारतीय मरियेवर टीका झाली. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत चित्रे काढीत राहिले.

त्यांच्या जलरंगांत आकृती आणि तिच्या भोवतीची जागा एकमेकींत मिसळून जातात. मरिया त्या जागेत आणून बसवलेली वाटत नाही, तिथलीच वाटते. नक्कल करावयास सराईत हात पुरतो. परंतु आपल्याकडची स्त्री जमिनीवर कशी बसते, तिचा पदर लेकरावर कसा येतो, हे रंगवायचे तर चित्रकाराला आधी आपला परिसर न्याहाळावा लागतो. आणि तो न्याहाळताना आपण कोण, कुठले, हेही त्याला उमगत जाते. या चित्रांत काही उणेही आहे. त्यांतील चेहरे कधी कधी अतिशांत वाटतात. सुताराच्या घरातले कष्ट त्या हातांवर उमटत नाहीत.

तरीही त्यांची वाट खरी होती. इटलीच्या चित्रकारांनीही मरियेला आपल्याच देशीचा वेश दिला होता. ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट केले. फोन्सेकांनी कुंचल्याने ते कितीतरी आधी सांगितले होते.

आल्तारावरची मूर्ती काढा, असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यावर आपल्या आजीचे अश्रू सांडले आहेत. मात्र येत्या नाताळात बाजारातून तयार गोठा आणण्यापूर्वी मुलांच्या हाती थोडी माती आणि पेंढा द्यावा. गोठा वेडावाकडा होईल. पण बाळ येशू आपल्याच अंगणात जन्मला, हे तो करताना मुलांना कळेल. आणि कदाचित आपल्यालाही.