बेडलम, डुलाली आणि येरवडा

शब्दांच्या व्युत्पत्तीचा शोध हा पंडितांचा निरुपद्रवी विरंगुळा समजला जातो. आम्हांस तसे वाटत नाही. काही शब्दांचा उगम एकदा कळला की ते पुन्हा उच्चारताना जीभ अडखळते, आणि तिने अडखळावेच.

इंग्रजीत कानठळ्या बसविणाऱ्या गोंधळाला 'बेडलम' म्हणतात. हा शब्द म्हणजे 'बेथलेहेम'चाच अपभ्रंश. १२४७ साली लंडनमध्ये बेथलेहेमच्या पवित्र मरियेच्या नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे त्याचे मनोरुग्णालय झाले आणि अठराव्या शतकात लोक करमणूक म्हणून तेथील रुग्ण पाहावयास जात. नाताळच्या गव्हाणीपाशी आपण ज्या गावाचे नाव भक्तिभावाने घेतो, ते असे गोंधळाला चिकटले.

दुसरा शब्द आपल्याच भूमीतला आहे. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची महिनोन्‌महिने वाट पाहत. उकाडा, रिकामपण आणि आजार यांनी काहींचे चित्त ढळे. त्यावरून 'डुलाली टॅप' हा वाक्प्रचार रूढ झाला. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'च!

तिसरे नाव आमच्या येरवड्याचे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येथील तुरुंगात पुणे करार झाला, हा इतिहास आहे. परंतु आम्ही राहण्याचे ठिकाण सांगताच समोरचा हसतो, तो करार आठवून नव्हे. 'याला येरवड्याला पाठवा' हे वाक्य मराठी विनोदाने इतके घासले आहे की त्यात आता चातुर्यही उरलेले नाही.

तिन्ही शब्दांची घडण एकच. दुसऱ्याचे दुखणे एका गावाच्या नावावर ढकलायचे आणि आपण शहाणे ठरायचे. मात्र एक भेद आहे. 'बेडलम' म्हणणाऱ्याच्या मनात आज रुग्ण नसतो. येरवड्याच्या रुग्णालयात २५४० खाटांची सोय आहे आणि त्या खाटांवर कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी लेक आहे. 'लोक काय म्हणतील' या धास्तीने कित्येक घरांत उपचार लांबतात. ती धास्ती अशाच वाक्यांवर पोसली जाते.

कायद्याने आपली भाषा सुधारली. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'वेड' होते. २०१७ च्या कायद्याने रुग्णाचा सन्मानाने जगण्याचा हक्क मान्य केला. साहित्याने मागे का राहावे? सणाच्या नाटुकल्यात हे वाक्य आलेच, तर लेखकाने ते खोडावे. एक हशा कमी होईल. पण मागच्या बाकावरील एखाद्या आईला मान खाली घालावी लागणार नाही.