इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म : तुलनेच्या तक्त्यात डावा रकाना कोणाचा?



तुमच्यापैकी काही जण सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा मला वाचायला पाठवता. शीर्षकात ‘तौलनिक अभ्यास’ दिसलं की मी थेट शेवटच्या पानांकडे जातो. तिथे हमखास एक तक्ता असतो. डावीकडे मुद्दे, मध्ये इस्लाम, उजवीकडे ख्रिस्ती धर्म. संस्थापक : मुहम्मद, येशू. ग्रंथ : कुरआन, बायबल. प्रार्थनास्थळ : मशीद, चर्च. मग देवाची कल्पना, पाप, मरणोत्तर जीवन, आणि शेवटी ‘साम्य’ नि ‘भेद’ अशा दोन याद्या.

मी हसत नाही, कारण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हाच तक्ता होता. नेटच्या तयारीच्या नोट्समधून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला. समितीत बाहेरून आलेल्या एका बाई होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “डाव्या रकान्यातले मुद्दे कोणी ठरवले?” मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस परत आला आणि सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून आज त्या तक्त्याचीच समीक्षा करू.

‘ग्रंथ’ ही ओळ घ्या. वरवर पाहता तिच्यात काय चूक आहे? दोन्ही धर्मांना पवित्र ग्रंथ आहे, समोरासमोर ठेवले, झालं. पण मुस्लिम श्रद्धेनुसार कुरआन हे देवाचं वचन आहे, शब्द न् शब्द, आणि मुहम्मद ते पोचवणारे आहेत, लिहिणारे नाहीत. ख्रिस्ती परंपरेत मात्र देवाचं वचन म्हणजे आधी येशू ही व्यक्ती. शुभवर्तमानं ही त्या व्यक्तीविषयीची चार माणसांच्या नावावरची कथनं आहेत. पवित्र आहेत, ईश्वरप्रेरित मानली जातात, पण येशूने ती लिहून दिली किंवा येशूवर ती ‘उतरली’ असं चर्च म्हणत नाही. म्हणजे एकाच ओळीत आपण दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी ठेवल्या.

हा मुद्दा माझा नाही. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५७ सालच्या ‘इस्लाम इन मॉडर्न हिस्टरी’ या पुस्तकात तो मांडला. कुरआनची जोडी लावायचीच तर ती ख्रिस्ताशी लावा, बायबलशी नाही; आणि बायबलचं नातं शोधायचं तर हदीसकडे पाहा, असं त्यांचं म्हणणं. पुढे सय्यद हुसेन नस्र यांनी ते आणखी ताणलं. येशूचं माध्यम झालेली मरियम कुमारी होती आणि कुरआनचं माध्यम झालेले पैगंबर निरक्षर होते. माध्यम कोरं हवं, हा त्यातला समान विचार. (पैगंबरांसाठी येणाऱ्या ‘उम्मी’ या अरबी शब्दाचा अर्थ ‘निरक्षर’च आहे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तुम्ही वापराल तेव्हा तळटीप द्या.)

या जोडीचा फायदा काय, तर इतिहासातलं एक कोडं सुटायला लागतं. इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत वाद झाला तो पुत्र निर्माण केलेला आहे की अनादी, यावर. त्यानंतर पाचशे वर्षांनी, ८३३ मध्ये, खलिफा मामूनने बगदादमध्ये विद्वानांची चौकशी सुरू केली. प्रश्न होता : कुरआन निर्मित आहे की अनिर्मित? अहमद इब्न हंबल ‘निर्मित’ म्हणायला तयार झाले नाहीत आणि त्यासाठी तुरुंगात गेले. तक्त्यातल्या ‘ग्रंथ’ या ओळीत हे दोन वाद शेजारी येऊच शकत नाहीत, कारण एक येशूबद्दल आहे आणि दुसरा पुस्तकाबद्दल. स्मिथची जोडी घेतली की दिसतं, प्रश्न एकच आहे : देवाचं वचन देवाइतकंच जुनं आहे का? आणि असेल तर देव एकच कसा?

दोन्ही बाजूंना हे तेव्हाच कळलं होतं. आठव्या शतकातल्या दमास्कसच्या योहानने नेमकं इथेच बोट ठेवलं. कुरआन येशूला देवाचं वचन आणि देवाकडचा आत्मा म्हणतं (सूरा ४, आयत १७१). मग योहान विचारतो, वचन देवापासून वेगळं काढलंत तर उरलेला देव अपुरा नाही का? युक्तिवाद चलाख आहे, पण त्याच आयतीत पुढे ‘तीन म्हणू नका’ अशा आशयाची ताकीद आहे, ती तो सोयीने बाजूला ठेवतो. मूळ आयत पूर्ण वाचली नाही तर वादपटूच्या मागे आपण कसे फरफटत जातो, याचा हा चांगला नमुना आहे.

आता स्मिथवर टीका. बरेच विद्यार्थी त्यांची जोडी सापडली की नवा तक्ता बनवतात आणि तिथेच थांबतात. मीही थांबलो होतो. पण ख्रिस्ताची उपासना होते. कुरआनची होत नाही, आणि कोणी केली तर मुसलमानाच्या दृष्टीने तो शिर्क आहे. ख्रिस्त दुःख भोगतो, मरतो, पुन्हा उठतो. पुस्तकाच्या बाबतीत याला समांतर काहीच नाही. सूरा ४, आयत १५७ ला तर क्रुसावरचा मृत्यूच मान्य नाही, निदान बहुसंख्य भाष्यकारांच्या वाचनात. शिवाय ही जोडी शिया इमामांना कुठे बसवायचं ते सांगत नाही. आणि मुख्य म्हणजे ‘देव स्वतःला कशातून प्रकट करतो?’ हा प्रश्नच मुळात ख्रिस्ती घरातला आहे. देवाने स्वतःचं स्वरूप उघड केलं की आपली इच्छा, आज्ञा कळवली, हा फरक अनेक मुस्लिम विचारवंतांना महत्त्वाचा वाटतो. म्हणजे डावा रकाना बदलला, पण लिहिणारा हात तोच राहिला.

‘पाप आणि मुक्ती’ या ओळीतही हेच होतं. ‘ख्रिस्ती धर्म मूळ पाप मानतो, इस्लाम मानत नाही’ असं आपण लिहितो. दुसरा भाग बरोबर आहे : कुरआनात आदम चुकतो, पश्चात्ताप करतो, देव त्याला क्षमा करतो, विषय संपतो. पण पहिल्या भागातला ‘ख्रिस्ती धर्म’ कोणता? वारशाने येणारा अपराध ही ऑगस्टीनकडून पश्चिमेकडे रुजलेली मांडणी आहे. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस ती तशी स्वीकारत नाहीत. तुमच्या वाक्यात एक अख्खी परंपरा गायब झाली आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही.

जोनाथन झेड. स्मिथ (हे वेगळे स्मिथ, परीक्षेत घोळ घालू नका) यांचा एक आग्रह मला इथे उपयोगी पडला. ‘अ’ हा ‘ब’सारखा आहे, एवढं म्हणून भागत नाही. कशाच्या संदर्भात, आणि कोणत्या ‘क’पेक्षा जास्त, तेही सांगा. आपल्या तक्त्यात हा ‘क’ बहुतेक वेळा यहुदी धर्म असायला हवा. तो शेजारी ठेवला की दिसतं, खाण्यापिण्याचे नियम, सुंता, धर्मशास्त्राचा तपशिलात विचार करणारे विद्वान, देवाच्या एकत्वाचा आग्रह, या बाबतीत इस्लाम ख्रिस्ती धर्मापेक्षा यहुदी धर्माच्या जवळ आहे. उलट येशूचा कुमारीपोटी जन्म आणि त्याचं मसीहा असणं यात तो ख्रिस्ती बाजूला सरकतो. कुरआनात नावाने उल्लेख असलेली एकमेव स्त्री मरियम आहे, एकोणिसावी सूरा तिच्या नावाची आहे. दोनच रकाने असताना ‘इस्लाम येशूला देव मानत नाही’ एवढंच ठळक दिसतं आणि ही सगळी हालचाल हरवते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. मुस्लिम मराठी लेखनात ‘प्रेषित’ म्हणजे मुहम्मद, म्हणजे रसूल. मराठी बायबलमध्ये ‘प्रेषित’ म्हणजे येशूने पाठवलेले पेत्र, पौल वगैरे. यशया-यिर्मयासारख्यांना तिथे ‘संदेष्टे’ म्हणतात. शब्दाचा अर्थ दोन्हीकडे ‘पाठवलेला’, पण कोणी पाठवलेला आणि कोणत्या दर्जाचा, यात जमीन-अस्मानाचा फरक. मी एका मसुद्यात ‘प्रेषितांची संख्या’ अशी ओळ पाहिली आहे! ‘तारण’चंही तसंच. ख्रिस्ती मराठीत तो मुक्तीसाठीचा पक्का शब्द आहे. बाहेरच्या वाचकाला आधी बँकेतलं सोनं आठवतं. म्हणून माझ्या प्रबंधाला आता तक्ता नाही, सुरुवातीला शब्दांची टिपणं आहेत : कोणता शब्द कोणत्या समाजाचा, आणि मी तो कोणत्या अर्थाने वापरतोय.

आणि विषय शोधत असाल तर लांब जायची गरज नाही. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्याच शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. दोन्ही ओवीत. पण शेख महंमदांना ‘इस्लाम’च्या रकान्यात टाकायला गेलात की ते मावत नाहीत, कारण त्यांची भाषा योगाची आणि भक्तीची आहे. त्या दोघांना एकत्र आणणारा ‘क’ म्हणजे ओवी ऐकणारा मराठी श्रोता. कोणता लेखक त्या श्रोत्याकडून काय उसनं घेतो आणि काय घ्यायला नकार देतो, हा प्रश्न तीन वर्षं पुरेल असा आहे.

माझा दुसरा सिनॉप्सिस त्याच बाईंसमोर गेला. या वेळी त्यांनी बराच वेळ पानं उलटली आणि विचारलं, “शिया कुठे आहेत?” ते प्रकरण अजून लिहितोय.